सीआरपीचा आकडा आणि खुर्चीतून उठण्याचे सेकंद

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. सासूबाई ६७ वर्षांच्या, कराडजवळच्या गावात राहतात. सोळा वर्षांचा मधुमेह, जन्मभर चुलीपुढे बसून जडलेला सीओपीडी (धाप लावणारा फुफ्फुसाचा जुना आजार), आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. गेल्या वर्षभरात त्यांचं मांडी घालून जमिनीवर बसणं सुटलं. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. अंगणातल्या नळापर्यंत जाऊन आल्या की धाप लागते. पुण्यात तुमच्याकडे आल्या असताना तपासण्या केल्या, त्यात एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ७.८ आलं आणि कुणीतरी सांगितलं, "अंगात सूज आहे, म्हणून हा अशक्तपणा." तुमचे प्रश्न चार: हे खरं आहे का, सूज उतरवायला हळदीच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल द्याव्यात का, व्यायामाने सूज वाढेल का, आणि ही तपासणी दर महिन्याला करायची का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेवीस वर्षं कोल्हापुरात फुफ्फुसाचे, हृदयाचे आणि डायलिसिसवरचे पेशंट चालते ठेवण्याचं काम करते. औषधं ठरवणं त्यांच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी शिरणार नाही. पण तुमच्या सासूबाईंसारख्या बायका मी रोज बघते, म्हणून मनापासून लिहिते.

सूज आणि अशक्तपणा यांचा संबंध आहे आणि तो खरा आहे. मात्र सीआरपी खाली आणलं की सासूबाई उठून चालायला लागतील, हे गणित चुकीचं आहे. बऱ्याचदा उलट घडतं: पाय मजबूत होतात, चालणं वाढतं, आणि सीआरपी जिथल्या तिथे राहतं. तसं झालं तर उपचार फसले असं समजू नका.

आधी 'सूज' या शब्दाचा घोळ मिटवू. अंगात सूज आहे म्हटलं की पेशंट साडी किंवा पायजमा वर करून नडगी दाबून दाखवतात. बोट दाबल्यावर खड्डा पडतो ती पाण्याची सूज. तिचा संबंध हृदय, किडनी, यकृत, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन यांच्याशी. सीआरपीतली सूज दिसत नाही आणि दाबून कळत नाही. डॉक्टर तिला इन्फ्लमेशन म्हणतात, पुस्तकात दाह लिहितात. जखम झाली, जंतू शिरले की शरीर फौज बोलावतं आणि काम संपलं की ती परत जाते. मधुमेह, सीओपीडी, किडनीचा आजार यांत ती पूर्ण परत जातच नाही. थोडीशीच, पण कायमचा तळ ठोकून राहते, आणि तिचं खाणंपिणं गावाला पुरवावं लागतं. त्या खर्चाचा मोठा वाटा स्नायूंच्या माथी पडतो.

सीआरपी ही या फौजेची एक खूण. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ती सापडली. न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेशी तिची क्रिया होते, म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते यकृतात बनतं, आणि ते बनवण्याचा हुकूम मुख्यतः इंटरल्युकिन-६ नावाचा रेणू घेऊन येतो. कारण थांबलं की साधारण एकोणीस तासांत सीआरपीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे पडसं झालं की वर, बरं झालं की खाली, दाढ ठणकली की पुन्हा वर, असा त्याचा खेळ चालू असतो. धडधाकट माणसाचा आकडासुद्धा दोन आठवड्यांच्या अंतराने घेतला तर बराच वेगळा येऊ शकतो. एका रिपोर्टावरून निष्कर्ष काढू नका.

आकड्यामागचं एककही बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ०.८ आणि ८ हे एकच असू शकतं. माझ्याकडे एका घरचे लोक पेढे घेऊन आले होते, सीआरपी बारावरून १.१ वर आलं म्हणून. लॅब बदलली होती, एकक बदललं होतं, सूज होती तेवढीच होती. त्यांचे चेहरे उतरलेले मला आजही आठवतात, कारण त्या तीन महिन्यांत त्या आजोबांचं चालणं खरोखर सुधारलं होतं आणि त्याबद्दल मात्र कुणीच पेढे आणले नव्हते.

तुमचा रिपोर्ट लिटरचा आहे, म्हणजे ७.८ हे ७.८च. हृदयविकाराच्या धोक्यासाठी १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त अशी विभागणी अमेरिकेत २००३ मध्ये ठरली. १० च्या वर गेलं तर आधी कुठे संसर्ग दडलाय का ते शोधायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. ७.८ दहाच्या आत असलं, तरी तीन आजार असलेल्या बाईंचं एवढं आलं तर मी एकदा तरी घर धुंडाळायला सांगते.

म्हणजे काय? तोंडात बघा. हिरड्यांतून रक्त, हलणारे दात, आणि मिश्री. आपल्याकडच्या कितीतरी आज्या मिश्रीचं नावच घेत नाहीत, कारण ती त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वर ठेवतो, आणि दात नीट केले की ते उतरलेलंही दिसतं. पायांचे तळवे बघा, बोटांच्या मधल्या बेचक्या बघा. मधुमेहात भेग चिघळली तरी दुखत नाही. लघवीला जळजळ किंवा वारंवार जाणं आहे का विचारा. आणि खोकला जुना असला तरी वजन उतरत असेल, संध्याकाळी अंग कोमट लागत असेल, तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्या. मधुमेह असलेल्यांना टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो. "तो आपला नेहमीचा खोकला" म्हणून सोडून दिलेला टीबी मी पाहिला आहे.

अशक्तपणाला सूज सोडून इतरही कारणं असतात आणि ती स्वस्तात सापडतात. हिमोग्लोबिन किती आहे? दीर्घ दाहात इंटरल्युकिन-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवून घेतं, ते शरीरातलं लोह कुलूपबंद करतं, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. किडनी मंदावली की त्यात आणखी भर पडते. सासूबाई मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर बी-१२ बघाच. ते कमी झालं की तोल जातो, पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. थायरॉइडचीही तपासणी एकदा करा.

आता सूज स्नायूंचं करते काय. स्नायू हे रोज थोडं मोडणारं आणि रोज थोडं बांधलं जाणारं घर आहे. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ हे दाह पेटवणारे रेणू दीर्घकाळ वाढलेले राहिले की मोडण्याचं काम वेगाने होतं, आणि जेवणातल्या प्रथिनांपासून बांधण्याचं काम मंदावतं. त्याच जेवणातून पंचवीस वर्षांच्या मुलीचं जितकं बांधलं जातं तितकं सासूबाईंचं जात नाही. मग पाय थकतात, हालचाल कमी होते, कमी हालचालीने स्नायू आणखी झडतात आणि पोटावर चरबी साठते. ती चरबी गप्प बसत नाही, ती स्वतःच इंटरल्युकिन-६ रक्तात सोडते. चक्र पुरं झालं.

"पण त्या तर बारीक आहेत," असं तुम्ही म्हणाल. यासाठी लांब जायला नको, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम बघा. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे आपण आतून असे वेगळे असतो. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांचं सीआरपी तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असतं हे २००१ मध्ये दिसलं, आणि तो फरक बराचसा पोटाच्या घेराशी आणि इन्सुलिन नीट काम न करण्याशी जोडलेला होता. म्हणून बारीक हात-पाय आणि पुढे आलेलं पोट दिसलं की मी वजनाचा आकडा बाजूला ठेवते.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, मग सूजच उतरवूया. अमेरिकेतल्या संशोधकांनाही हेच वाटलं होतं. इंटरल्युकिन-६ जास्त असलेल्या म्हाताऱ्या माणसांचं चालणं पुढच्या काही वर्षांत जास्त बिघडतं, हे १९९९ पासून दिसत होतं. मग 'एन्‌रजाइज' नावाची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सत्तरीपुढची २८९ माणसं, सगळ्यांचं इंटरल्युकिन-६ वाढलेलं, सगळ्यांना चालायचा त्रास. काहींना वर्षभर माशाचं तेल दिलं, काहींना लोसार्टन हे बीपीचं औषध. इंटरल्युकिन-६ म्हणावं तसं उतरलं नाही आणि चालण्याचा वेगही वाढला नाही. माशाच्या तेलाच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे ही चाचणी.

हळदीबद्दल. आमटीतली, दुधातली हळद आनंदाने घेऊ द्या. सांगली जवळ असताना हळद खाऊ नका असं सांगणारी मी कोण? पण कॅप्सूल वेगळ्या. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, म्हणून त्यात काळ्या मिरीचा अर्क घालून शोषण वाढवतात, आणि अशा जोरकस कॅप्सूलनी यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. इतकी औषधं चालू असताना मी त्यात ही भर घालणार नाही.

याहून गंभीर गोष्ट सांगते. सूज उतरवायची म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असल्या कुठल्याच नाहीत. सासूबाईंचं क्रिएटिनिन १.६ म्हणजे या वयात किडनीची गाळण्याची क्षमता साधारण ३५च्या आसपास. निरोगी तरुण माणसाची शंभराच्या आसपास असते. या गोळ्या ती आणखी खाली नेतात, कधीकधी आठवड्याभरात. आणि तितकीच धोक्याची ती नाव नसलेली पुडी. तीन दिवसांत अंग हलकं, भूक लागते, सांधे सुटतात, सीआरपी झरझर खाली. पुष्कळदा त्यात स्टेरॉइड असतं. महिनोन् महिने घेतलेलं स्टेरॉइड मांडीचे स्नायू खातं, साखर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं. रिपोर्ट सुंदर आणि बाईला संडासातून उठता येत नाही, अशी अवस्था मी अनेकदा पाहिली आहे. सीआरपी उतरणं आणि माणूस बळकट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा पेशंटइतकं स्पष्ट मला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही. (सीओपीडी अचानक बळावल्यावर डॉक्टर पाच दिवसांचं स्टेरॉइड देतात ते वेगळं, ते आवश्यक असतं. आणि कुणी जुनं स्टेरॉइड घेत असेल तर ते एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करायचं असतं.)

आता व्यायामाने सूज वाढेल का. इथे मला माझी चूक सांगावी लागेल.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे डायलिसिसवरचे एक गृहस्थ यायचे. पन्नाशी ओलांडलेले, पूर्वी एसटीत ड्रायव्हर, उंचपुरे. त्यांचं सीआरपी सतत पंधरा-वीसच्या दरम्यान. मला वाटलं, अंगात आग धुमसत असताना स्नायूंवर ताण कशाला? मी फाईलवर लिहिलं, 'सीआरपी उतरल्यावर व्यायाम सुरू.' ते उतरलंच नाही. मानेतल्या कॅथेटरमुळे (डायलिसिसच्या नळीमुळे) आणि किडलेल्या दाढांमुळे ते वर राहत होतं, हे नंतर कळलं. तोवर चार महिने गेले होते. पहिल्या दिवशी माझ्या खोलीत स्वतः चालत आलेला माणूस चार महिन्यांनी व्हीलचेअरवर आला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पुढचं दीड वर्ष खपून आम्ही त्यांना काठीवर आणलं, पण जे गेलं ते सगळं परत आलं नाही.

नंतर इटलीतल्या डायलिसिसच्या रुग्णांवरची 'एक्साइट' ही चाचणी वाचली आणि तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. तिथे काही भारी मशीन नव्हती. डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच, ठेक्याच्या तालावर, हळू गतीने दहा-दहा मिनिटांचं चालणं, दिवसातून दोनदा. सहा महिन्यांत सहा मिनिटांत चालण्याचं अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं. व्यायाम न केलेले जवळजवळ होते तिथेच राहिले. खुर्चीतून पाच वेळा उठायचा वेळ २०.५ सेकंदांवरून १८.२ वर आला. हळूच चालणं होतं, तरीही.

व्यायाम करताना इंटरल्युकिन-६ वाढतं, हे खरं आहे. मॅरेथॉन धावणाऱ्याच्या रक्तात ते शंभर पटींपर्यंत चढलेलं मोजलं आहे. भीती इथूनच येते. पण कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे इंटरल्युकिन-६ आकुंचन पावणारा स्नायू स्वतः सोडतो, टीएनएफची साथ नसताना. काही तासांत ते उतरतं, आणि जाता जाता दाह आवरणारे दुसरे रेणू वर आणून जातं. रेणू तोच, पण कुठून आला, किती वेळ राहिला आणि सोबत कोण होतं, यावर त्याचं काम बदलतं. घटकाभर पेटून जेवण शिजवणारी चूल आणि दिवसभर कोंदट धुमसणारी चूल यांतला फरक सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळेल.

सरावाने दीर्घकाळात काय होतं? अमेरिकेत सत्तरीपुढच्या माणसांनी वर्षभर नियमित चालणं आणि ताकदीचे व्यायाम केले तेव्हा इंटरल्युकिन-६ थोडं उतरलं, सीआरपी मात्र हललं नाही. त्याच मालिकेतल्या मोठ्या 'लाइफ' चाचणीत ७० ते ८९ वयाची १,६३५ माणसं होती, सगळी पायांनी कमजोर. सरासरी अडीच वर्षांनंतर, ४०० मीटर चालता न येण्याची वेळ व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्क्यांवर आली, नुसती आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्क्यांवर. फरक डोंगराएवढा नाही, मान्य. पण या वयात ज्याचं चालणं वाचलं त्याचं घर वाचतं.

म्हणून मी पेशंटच्या घरच्यांना स्टॉपवॉच वापरायला लावते. फोनमध्ये असतंच.

पहिली मोजणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण सतरा इंच उंचीची पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं; पाचव्यांदा सरळ उभ्या राहिल्या की घड्याळ थांबवा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये १२ सेकंद ही रेघ ठरवली. त्याहून जास्त लागले तर पाय कमजोर. सासूबाईंना हात न टेकता एकदाही उठता येत नाही, म्हणजे आज ही मोजणी होणार नाही. हरकत नाही. खुर्चीवर गोधडीच्या घड्या ठेवा आणि किती घड्यांच्या उंचीवरून त्या बिनहाताच्या उठतात ते बघा. तीच त्यांची आजची पातळी.

दुसरी चालण्याची. ओसरीवर चार मीटर मोजून रांगोळीने दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या थोडं मागून नेहमीच्या चालीने निघायचं, रेघ ते रेघ वेळ मोजायचा. पाच सेकंद म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर. त्याहून जास्त लागले तर काळजीने लक्ष द्यायचं. वेग ०.१ मीटरने जरी वाढला, म्हणजे पाच सेकंदांचे साडेचारच्या खाली आले, तरी तो मोठा फायदा मानतात.

हाताच्या पकडीचं माप क्लिनिकमध्ये होतं. बायकांत १८ किलोपेक्षा कमी म्हणजे कमजोर. एवढ्यासाठी यंत्र विकत घेऊ नका.

कामाला लागू. खुर्चीतून उठणं हाच मुख्य व्यायाम, गोधडीच्या त्याच उंचीवरून. सहा ते आठ वेळा, मध्ये दोन मिनिटं दम खाऊन पुन्हा, असं दिवसातून दोनदा. उठताना फुंकर मारत श्वास सोडायचा, ओठ गोल करून, दिव्याची ज्योत हलावी पण विझू नये इतका. श्वास कोंडून उठायचं नाही, सीओपीडीत तिथेच धाप लागते. बारा वेळा सहज जमू लागलं की एक घडी काढायची. बहुतेकींची पहिली घडी दोन-तीन आठवड्यांत निघते. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा वेळा. भिंतीवर हात टेकून भिंत ढकलणं, तेवढंच. आणि चालणं सपाट जागी, आधी पाच पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. शून्य ते दहाच्या मापात धाप चार ते पाचवर असावी: तुटक बोलता येतं, पण अभंग म्हणता येत नाही. ऑक्सिमीटर ८८च्या खाली गेलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. फवाऱ्याचं औषध असेल तर व्यायामाआधी घ्यायचं का तेही त्यांना विचारून ठेवा, पुष्कळदा त्याने निम्मी लढाई जिंकली जाते.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधी साखर बघा. शंभराच्या खाली असेल तर आधी थोडं खाऊ द्या. अनवाणी चालू देऊ नका. डोळ्यांचा पडदा गेल्या वर्षभरात तपासला नसेल तर तो आधी तपासून घ्या. आणि ताप आहे, छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप आहे, कफ हिरवा-पिवळा झालाय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलंय, असं काही असेल तर व्यायाम बंद आणि डॉक्टर आधी. सूज म्हणून व्यायाम थांबवायचा तो अशा वेळी. रिपोर्टात ७.८ आहे म्हणून नव्हे. कायमचं अंथरूण तर नकोच: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. आजारी माणसाचं काय होत असेल?

जेवणाबद्दल जरा सावध. स्नायूंना प्रथिनं हवीत, पण किडनीमुळे प्रोटीन पावडर स्वतःहून सुरू करू नका. या अवस्थेत साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास धरतात; ५४ किलोंना साधारण ४३ ग्रॅम. खूप अशक्त बाईंना डॉक्टर थोडं जास्तही देतात, ते त्यांना ठरवू द्या. माझा अनुभव असा की गावाकडच्या बहुतेक सासूबाई तेवढंही खात नाहीत. सकाळी चहा-बटर, दुपारी भाकरी आणि वरचं पाणीदार कालवण, रात्री भात आणि उरलं ते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात दहा ग्रॅमच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, एका अंड्यात सहा, कपभर दुधात तेवढंच. चहा-बटरच्या जागी अंडं किंवा मुगाचं धिरडं आलं तरी सकाळ सुधारते. तिन्ही वेळांना थोडं थोडं विभागून मिळालं पाहिजे, कारण त्यांचे स्नायू एकाच वेळचं भरपूर वापरू शकत नाहीत. त्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवत असतील तर तो क्रम तुम्ही मोडा. सून म्हणून ते तुम्हालाच जमेल.

सीआरपी पुन्हा कधी? एकदा, दोन आठवड्यांनी, सर्दी-खोकला-दाढ काही नसताना, त्याच लॅबमध्ये. लग्नघरात दिवसभर राबून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. अंगवळणी नसलेल्या कष्टानेही ते वाढतं. पुन्हा तेवढंच आलं आणि शोधाशोध करून काही सापडलं नाही, तर हे त्यांच्या जुन्या आजारांचं सीआरपी आहे असं धरायचं. साखर, बीपी, किडनी आणि हृदयाची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने नीट चालू ठेवायची, आणि दर महिन्याचा हा खर्च थांबवायचा. सांध्यांचा आमवात असता तर उत्तर वेगळं दिलं असतं; तिथे औषधाची मात्रा ठरवायला सीआरपी पुन्हा पुन्हा बघावं लागतं, आणि वेळेत सूज उतरवली तर सांधे वाचतात. इथे तसं नाही. आणि चुलीच्या जागी गॅस आला का, आला असेल तर आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं का, हे विचाराच. पुष्कळ घरांत पाणी चुलीवरच तापत असतं.

तुम्ही पुण्यात आणि त्या गावी, मग मोजणार कोण, हेही तुम्ही लिहिलंय. आठवीतला पुतण्या आहे ना घरात, त्याला घड्याळ द्या. मुलांना हे काम आवडतं आणि आजीला नातवासमोर उठून दाखवायला आवडतं. रविवारी सकाळी, चहा-नाश्त्यानंतर तासाभराने, दर वेळी तीच खुर्ची, तीच ओसरी. कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत दोन आकडे लिहायला सांगा, आणि शेजारी गोधडीच्या किती घड्या होत्या तेही. घड्या लिहायच्या राहिल्या की पुढच्या महिन्यातल्या सेकंदांची तुलना कशाशी करायची ते कळत नाही.